रविवारची मीटिंग, विषय ई-बुकचं लायसन्स
मंडळी, रविवारी संध्याकाळी 5 ला पार्क चौकाजवळ नेहमीच्या जागी जमायचंय. बरेच जण विचारतायत की वाचनालयानं ई-बुक एकदा घेतलं की झालं ना, परत परत पैसे कशाला? तसं नसतंय ओ, छापील पुस्तक पानं सुटली तरी बाइंडिंग करून वर्षानुवर्षं फिरतं पण ई-बुकचं नुसतं लायसन्स मिळतं, हार्परकॉलिन्स या प्रकाशकानं तर 2011 मध्ये लायब्ररींना 26 वेळा दिलं की संपलं, परत विकत घ्या असा नियमच काढला, काहींचं दोन वर्षांनी संपतं. फाईल काय झिजते का? लेखकाला पैसे मिळायलाच पाहिजेत, पण अटी वाचनालयाला झेपतील अशा हव्यात. निवेदनाचा ड्राफ्ट तयार आहे, सहीला या, आणि वर्गणी राहिलेल्यांनी तीपण आणा.