ट्यूबिंगेनहून पत्र: वेतोबाच्या चपला आणि माझी कादंबरी

ट्यूबिंगेन, जर्मनी
जुलैचा पहिला आठवडा

तीर्थस्वरूप आप्पा आणि सौ. आई यांस,
बायचा शिरसाष्टांग नमस्कार.

आई दर वेळी फोनवर विचारते, "पुस्तक खंय पावला?" आणि मी "चाललंय" म्हणून विषय बदलते. दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नाही, म्हणून हे पत्र. दादा-वहिनींना द्या, आणि आजीला मोठ्याने वाचून दाखवा. यातला मोठा भाग तिच्यामुळेच लिहिला गेला आहे.

माझ्या कादंबरीच्या दुसऱ्या भागाचा अर्धा खर्डा हातावेगळा झाला. तिची नायिका, होडी हाकणाऱ्या तांडेलाची मुलगी, बंदर सोडून घाटाच्या वाटेला लागली आहे. बुडालेल्या माणसाला नावाने हाक मारून ती किनाऱ्यावर परत आणते, हे पहिल्या भागात तुम्ही वाचलंच. वाचकांनी ते मनापासून स्वीकारलं. पण दुसऱ्या भागात तीच हाक पुन्हा लागणार, आणि समुद्रातून माणूस आणणं हे बाजारातून नारळ आणण्याइतकं सोपं झालं की गोष्टीत राम उरत नाही. ती हाक तिला कितीला पडते? सगळा उन्हाळा मी या एका प्रश्नापाशी आहे. वाचलं ते त्यासाठी, पाहिलं तेही त्यासाठीच.

आधी मिखाएल एंडे. १९७९ साली आलेली त्यांची ‘दी उनएंटलिशे गेशिश्टे’, म्हणजे न संपणारी गोष्ट, इथली मुलं शाळेच्या वयात वाचतात. मी शब्दकोश मांडीवर घेऊन जर्मनमध्ये वाचली. पुस्तक वाचता वाचता बास्टियान नावाचा एक मुलगा त्या पुस्तकातल्याच राज्यात जाऊन पोचतो. तिथे त्याची प्रत्येक इच्छा पुरी होते, पण दर इच्छेमागे घरची एक आठवण पुसली जाते. शेवटी शेवटी तर त्याला स्वतःचं नावही आठवत नाही. हे वाचताना मला धडकी भरली. पुस्तक संपल्यावर १९८४ चा चित्रपट पाहिला. त्यातला उडणारा ड्रॅगन छोटीला फार आवडेल, तिला जरूर दाखवा. पण चित्रपट कादंबरीच्या पूर्वार्धापाशीच थांबतो. इच्छा पुरी होण्याचा आनंद पडद्यावर आला आणि तिची किंमत पुस्तकातच राहिली. एंडे त्या चित्रपटावर इतके नाराज होते की आपलं नाव काढा म्हणाले. मला त्यांचं म्हणणं पटतं. किंमत काढून घेतली की मागे नुसती चैन उरते.

त्यानंतर कथासरित्सागर. आप्पा, तुम्ही आम्हाला विक्रम-वेताळाच्या गोष्टी सांगायचात, त्या मोठ्या ओघाने यातच आहेत. काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात राणी सूर्यवतीसाठी तो रचला, १८ लंबक म्हणजे भाग आणि १२४ तरंग म्हणजे प्रकरणं, एवढा. इथे तो वाचण्यात वेगळी गंमत आहे, कारण त्याची पहिली छापील आवृत्ती हेरमान ब्रॉकहाउस या जर्मन पंडिताने १८३९ पासून काढायला घेतली. मुंबईच्या निर्णयसागरची त्यानंतर, १८८९ ची. मी निर्णयसागरचीच संगणकावर उघडून बसते. शेजारी इंग्रजी भाषांतर ठेवावं लागतं. माझं संस्कृत अकरावीपर्यंतचं.

त्याच्या पहिल्याच लंबकात गुणाढ्याची गोष्ट आहे. ती आपल्याकडची, प्रतिष्ठानची म्हणजे पैठणची. सातवाहन राजाच्या दरबारातला हा पंडित पैज हरतो आणि संस्कृत, प्राकृत, देशी अशा तिन्ही भाषा सोडून देतो. मग रानात राहून पैशाचीत, म्हणजे पिशाचांच्या भाषेत, सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहितो. शाई नसते, म्हणून स्वतःच्या रक्ताने. राजा ती नाकारतो. तेव्हा गुणाढ्य डोंगरावर अग्निकुंड पेटवतो, एकेक पान मोठ्याने वाचतो आणि जाळतो. भोवती रानातली जनावरं ऐकत उभी राहतात. चरायचं विसरतात.

यापुढचं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. राजा आजारी पडतो. वैद्य म्हणतात, खाण्यात सुकं मांस आलं. आचारी पारध्यांकडे बोट दाखवतात. पारधी सांगतात, डोंगरावर कुणी ब्राह्मण पानं वाचून जाळतोय, जनावरं ऐकत बसली आहेत, म्हणून ती वाळली. तेव्हा राजा धावत जातो. सहा लाख श्लोक जळून गेलेले असतात, उरलेले एक लाख हाती लागतात.

आई, तू स्वयंपाकघरातली, तुला हे लगेच कळेल. जगातली सगळ्यात मोठी गोष्ट जळते आहे, आणि राजाला ते ताटातल्या मांसावरून समजतं! ना आकाशवाणी, ना स्वप्नदृष्टांत. मूळ बृहत्कथा आज कुठेच नाही. सोमदेव, क्षेमेंद्र, बुधस्वामी यांनी संस्कृतात जे ठेवलं, मुख्यतः तेच आपल्याकडे आहे. ते जाळणं खरं झालं की नाही, कोण जाणे. मला ते खरं वाटतं, आणि त्याचं कारण तो आचारी आहे.

पाहिलेल्यात सांगण्याजोगं आणखी एक. इथल्या शहराच्या संग्रहालयात लोटे रायनिगर या बाईंच्या कातरकामाच्या बाहुल्या ठेवल्या आहेत. काळा पुठ्ठा कात्रीने कापायचा, सांधे तारेने जोडायचे, खालून उजेड दिलेल्या काचेवर बाहुली ठेवून ती केसभर हलवायची आणि वरून एक चित्र घ्यायचं. पुन्हा केसभर, पुन्हा एक चित्र. असा त्यांनी १९२३ ते १९२६ अशी तीन वर्षं राजपुत्र आख्मेदचा चित्रपट केला. आज शाबूत असलेल्या पूर्ण लांबीच्या ॲनिमेशनपटांत तो सगळ्यात जुना. त्यात चेटकीण आणि जादूगार रूपं बदलत लढतात तो प्रसंग मी पुन्हा पुन्हा पाहिला. प्रत्येक नव्या रूपासाठी बाईंना नवी बाहुली कापावी लागली असणार. तिथली जादू कात्रीने भरलेल्या किमतीची आहे, आणि ते बघताना जाणवतं.

दादा, त्या काचेच्या कपाटासमोर मला पिंगुळीच आठवली. आपल्यापासून हाकेच्या अंतरावर ठाकर मंडळी चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्या नाचवतात, आणि आपण लहानपणी गणपतीच्या दिवसांत तेवढ्यापुरतं बघून यायचो. २०२१ मध्ये परशुराम गंगावणे यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा मी इथे सगळ्यांना अभिमानाने सांगितलं होतं. छोटीला घेऊन त्यांच्या कला आंगणात एकदा जाऊन ये. तिला बाहुल्यांचे सांधे जवळून बघू देत.

आता आजीचं. हे सगळं डोक्यात असताना एका रात्री आरवली गावाची राखण करणारा देव, वेतोबा, आठवला. आम्ही लहान असताना नवसाच्या केळ्यांचे घड आणि त्या हातभर लांबीच्या चामड्याच्या चपला बघून आजीला विचारायचो, देवाला एवढ्या चपला कशाला? ती म्हणायची, "देव रात्री गावभर फिरता, म्हणान चपला झिजतत." माझ्या मनात वेतोबा उभा राहिला तो त्या झिजलेल्या तळव्यांमुळे. त्याच्या पराक्रमाच्या कथा नंतर ऐकल्या. राखण करणारा देव चालतो, आणि चालला की चामडं झिजतं. अद्भुत कादंबरीबद्दल जेवढं वाचलं त्यात इतकं नेमकं मला कुणी सांगितलेलं नाही.

तर ठरलं ते असं. प्रत्येक हाकेबरोबर तांडेलाच्या मुलीच्या जिभेवरची मिठाची चव थोडी थोडी जाणार. समुद्राने दिलं, समुद्र घेणार. ती कुणाला सांगत नाही. पण घरात सार ती करते, आणि सार दिवसेंदिवस खारट होत जातं. आधी बाप वाटी बाजूला सारतो. मग आई एकदा कढईपाशी उभी राहून तिला मीठ टाकताना बघते, आणि काहीही न बोलता मिठाचं मडकं उचलून वरच्या फळीवर ठेवते. हे प्रकरण मी लिहून पूर्ण केलं. आजवर लिहिलेल्यात मला ते सगळ्यात जवळचं आहे. प्रकाशकांना पाठवलं, त्यांनाही आवडलं. पूर्ण खर्डा थंडी सुरू व्हायच्या आत द्यायचा आहे.

बाकी सगळं क्षेम. रात्री साडेनवापर्यंत उजेड असतो, त्यामुळे कामावरून येऊन लिहायला बसलं तरी दिवस उरतो. नेकार नदीवर बांबूसारख्या लांब काठ्यांनी ढकलायच्या होड्यांची शर्यत गेल्या महिन्यात झाली. हरलेल्यांना कॉड माशाचं तेल प्यावं लागतं, हे छोटीला सांगा. कोकम संपत आलं आहे. कुणी इकडे येणार असेल तर आगळाची एक बाटली नीट बांधून द्या. तुमच्याकडे तरवा काढून लावणी सुरू असेल. आप्पा, चिखलात फार वेळ उभे राहू नका, गुडघा सांभाळा.

गणपतीला येणं जमणार नाही. खर्डा दिला की मार्गशीर्षात येते, जत्रेतले दशावतार बघायला. तोवर आप्पा, एक काम करा. आरवलीला जाणं झालं तर चपला करणाऱ्यांना भेटून विचारा: देवाच्या पायाचं माप त्यांच्याकडे कसं आलं, चामडं कुठलं घेतात, शिवायला किती दिवस लागतात. तिसऱ्या भागात मला एक चपला शिवणारा हवा आहे, आणि त्याचं काम मला खरं लिहायचं आहे.

तुमची,
बाय