अर्ध्या कोयत्याचं नाव काटापावतीवर आणा : कामगारमंत्र्यांना खुले पत्र

मा. कामगारमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

महोदय,

समान कामाला समान वेतन हा कायदा 1976 सालचा. नव्या वेतन संहितेतही ती तरतूद आहे. पण उसाच्या फडात तो लावायचा कसा? बाईला कमी मिळतं हे दाखवायला दोन आकडे लागतात आणि इथे आकडा एकच: कोयता. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, नवऱ्याच्या हातात; टोळी जमवणाऱ्या मुकादमाच्या वहीत नावही त्याचंच.

तो बुडातून ऊस तोडतो. ती मोळ्या बांधते, मग तीच मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढते, गाडी रात्री दोनला आली तरी. पाळी असो की सातवा महिना, दिवस चुकला की खाडा, म्हणजे दंड, आणि खाडा उचलीत चढतो. बीडमधल्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांसाठी 2019 मध्ये चौकशी समिती नेमावी लागली, त्यामागे पाळीमुळे पडणारा हा खाडाही आहे. एकट्या बाईला तर मुकादम सहसा उचलच देत नाही. ती 'अर्धा कोयता'. आधी भाऊ नाहीतर पोरगा जोडीला आण म्हणतात.

नवा कायदा नको. कारखान्याच्या वजनकाट्यावरच्या पावतीला टोळीची यादी जोडा, बायकांच्या नावांसकट. दहा कोयत्यांनी 15 टनांची गाडी भरली, टनाला 366 रुपये धरले, तर 5,490 रुपये झाले. वीस माणसांत प्रत्येकी 274 रुपये 50 पैसे. एवढं गणित काट्यावरचा संगणक सहज करेल. पैसे दोन खात्यांत जावेत आणि उचलीचेही दोन हिशेब असावेत, नाहीतर नवऱ्याचं कर्ज तिच्या मजुरीतून फिटत राहील. खात्याला मोबाइल नंबर तिचाच हवा. तिथेच घोळ होतो: खातं तिचं, मेसेज त्याला.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात तक्रारीला तीन महिने असतात. तक्रार समिती तेवढीच मुदत आणखी वाढवू शकते, पण बाई बीडची, फड कोल्हापुरातला आणि हंगाम पाच-सहा महिन्यांचा. तक्रार घेणाऱ्या तालुक्याच्या नोडल अधिकाऱ्याचा नंबर कोप्यांजवळ, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांजवळ, लावा. कारखान्याच्या गेटवर तो फक्त ड्रायव्हर वाचतात.

या अटी गाळप परवान्यातच घालता येतील. परवाना साखर आयुक्त देतात, तेव्हा हा विषय आमच्या खात्याचा नाही, असं उत्तर येईल याची कल्पना आहे. पण मजुरीचा विषय तुमच्याच खात्याकडे येतो, म्हणून पत्र तुम्हाला.

आपले,
ऊसतोड महिला कामगारांसोबत काम करणारे कार्यकर्ते