'स्वतःच्या जबाबदारीवर यावे' लिहिलं म्हणून आयोजक सुटत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर जवळ आला की आपल्या नाशिकच्या आकाशनिरीक्षणवाल्या ग्रुपांवर जेमिनिड उल्कावर्षावाचे मेसेज सुरू होतात, दिंडोरीकडे नाहीतर त्र्यंबकच्या बाजूला कुणाच्या तरी मळ्यात रात्र काढायची, डबा आपापला, पेट्रोलची काँट्री, आणि सगळ्यात खाली ठरलेली ओळ, 'प्रत्येकाने स्वतःच्या जबाबदारीवर यावे'. ही ओळ टाकली की आयोजकाचे हात मोकळे अशी पक्की समजूत आहे, ट्रेकवाल्यांची पण आणि पक्षी बघायला जाणाऱ्यांची पण. ती चुकीची आहे म्हणून लिहितोय.

हरिहर किल्ल्याच्या पायऱ्यांवर पाय घसरू शकतो हे खाली उभं राहिल्यावरच दिसतं, तो धोका माणूस समजून उमजून घेतो, तिथे ही ओळ थोडीफार कामाला येईलही. पण जो धोका आयोजकाला माहीत होता आणि येणाऱ्याला कळायचं काही कारणच नव्हतं, तिथे ती काय कामाची? निष्काळजीपणा दिसला तर भरपाईचा दावा लागू शकतो, आणि कुणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आहेच. पूर्वी आयपीसी म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेच्या ३०४-अ मध्ये जास्तीत जास्त दोन वर्षं शिक्षा होती, १ जुलै २०२४ पासून ती पाच वर्षांपर्यंत गेलीय. फौजदारी गुन्हा आधीच सही घेऊन माफ करून घेता येत नाही. आणि अठराच्या आतल्या मुलाने केलेला करार कायद्यात टिकतच नाही, आता आपल्याकडे रात्री दुर्बिणीला डोळा लावायला कोण येतं ते बघा, शाळेतलीच पोरं जास्त.

मला सगळ्यात भीती वाटते ती शेततळ्याची. द्राक्षांच्या पट्ट्यात मळ्यामळ्यात शेततळं आहे, आत प्लास्टिकचा कागद, त्यावर शेवाळ, चारही बाजूंनी उतार, धरायला काही म्हणजे काही नाही, पट्टीचा पोहणारासुद्धा वर चढताना घसरून परत आत जातो. त्यात आमचा छंद असा की दिवे बंद, टॉर्चला लाल कागद, डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात म्हणून मोबाईल पण काढू देत नाही आणि जमलेली सगळी माणसं मान वर करून मागे मागे सरकत असतात. दिवसा जाऊन तळं कुठे आहे, कुंपण आहे का, हे किती आयोजक बघतात?

आणि ज्याने जागा दिली त्याचा तर कोणी विचारच करत नाही. तो शेतकरी दादा फुकट जागा देतो, वरून रात्री चहा करून आणतो, पण सातबारा त्याच्या नावावर आहे, तळं त्याचं, विहीर त्याची, डुकरांसाठी लावलेली करंटची तार पण त्याचीच. उद्या काही झालं तर पहिली विचारपूस त्याच्याकडे. नोंदणी नसलेला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप म्हणजे कायद्याच्या लेखी कोणीच नाही, त्यामुळे दावा लागतो तो माणसांवर, मेसेज टाकणाऱ्यावर आणि जागा देणाऱ्यावर.

पैशाचं पण तसंच. २०१९ च्या ग्राहक कायद्यात फुकट दिलेली सेवा येत नाही, पण माणशी फी घेऊन वर चार पैसे उरवले की गोष्ट बदलते, साहसी उपक्रम भरवणाऱ्यांना तर राज्याच्या २०२१ च्या धोरणाप्रमाणे पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी लागते. गाड्यांचं कोणी बोलतच नाही. पांढऱ्या पाटीच्या म्हणजे खाजगी गाडीत भाडं घेऊन माणसं बसवली तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर आत बसलेल्यांना त्यातून काही मिळत नाही. पावसाळ्यात प्रशासनाने बंदी घातलेल्या ठिकाणी ग्रुप नेणाऱ्यांबद्दल मी काय बोलू, त्यांनी समोरच्या वकिलाचं निम्मं काम आधीच करून ठेवलेलं असतं.

मग काय सगळं बंद करायचं का, असं आमच्यातलेच विचारतात. अजिबात नाही. शहाण्या माणसाने जेवढी काळजी घेतली असती तेवढीच कायदा मागतो. दिवसा एक फेरी मारा, तळ्याभोवती पांढरी पट्टी बांधा, एक टायर दोरीला बांधून आत सोडा, पोरांबरोबर आईवडील हवेतच, जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठे आणि १०८ ला पत्ता काय सांगायचा ते ठरवा, बिबट्याचा वावर असेल तर तसं स्पष्ट लिहा. त्या एका ओळीच्या जागी मेसेजमध्ये हे टाका ना. वर्षभर कार्यक्रम करणाऱ्यांनी अपघात विमा पण बघावा, पण त्यातून जखमीला पैसे मिळतात, आयोजकावरच्या दाव्यासाठी दायित्व विमा वेगळा असतो, हे पॉलिसी घेतानाच विचारून घ्यावं.

आपल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून कायदेविषयक शिबिरं होतात, तसं एक शिबिर छंदाच्या ग्रुपांसाठी व्हावं आणि जागा देणाऱ्या शेतकऱ्यांनाही आवर्जून बोलवावं. आपल्या पेपरने हे उचलून धरलं तर होईल असं वाटतं. जेमिनिडचा जोर १३-१४ डिसेंबरच्या रात्री असतो, त्याआधी झालं तर फार बरं.

कळावे,
एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक