पेशंटला पालथं ठेवण्याआधी घरच्यांना सांगत जा

मा. संपादक, स. न.

गेल्या भादव्यात धुऱ्यावरचं गवत कापता कापता माझ्या मोठ्या भावाला ताप भरला. मांडीवर काळी खपली होती, तिच्याकडे कोणाचं लक्षच गेलं नाही. पाच दिवस गोळ्यांत गेले, मग धाप लागली. जिल्ह्याच्या दवाखान्यात स्क्रब टायफस निघाला, म्हणजे गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यानं येणारा ताप; ती काळी खपली त्याचीच. एक्स-रेत दोन्ही फुफ्फुसं पांढरी, त्याच रात्री व्हेंटिलेटर.

दुसऱ्या दिवशी काचेतून पाहतो तर दादा पालथा, तोंड एका कडेला, डोळे सुजून बंद. वहिनीनं हंबरडा फोडला. मी सिस्टरवर ओरडलो, "माणूस मारता का? सरळ करा त्याले!" ती एवढंच बोलली, "काकाजी, संध्याकाळपर्यंत असंच राहू द्या." आणि दुसऱ्या पेशंटकडे धावली.

संध्याकाळी डॉक्टरांनी समजावलं. उताणं ठेवलं की हृदयाचं न् पोटाचं ओझं पाठीकडच्या फुफ्फुसावर येतं. फुफ्फुसाचा मोठा भाग तिकडेच, रक्तही तिकडे जातं, पण हवा पोचत नाही. ओल्या कापसाच्या गंजीत खालचा थर दबतो, तसंच हे. पालथं केलं की तो भाग मोकळा होतो. एका वेळी निदान १६ तास तसं ठेवतात. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी ४६६ गंभीर रुग्णांवर केलेला अभ्यास २०१३ साली छापून आला. पालथ्या ठेवलेल्यांपैकी २८ दिवसांत १६ टक्के दगावले, उताण्यांपैकी जवळपास ३३ टक्के. सूज नंतर उतरते. उलटवायला पाच माणसं लागली, त्यातलं एक फक्त श्वासाची नळी धरायला.

लाज याची वाटते की २०२१ मध्ये, कोरोनात, ऑक्सिजन ९४ टक्क्यांच्या खाली गेला की पालथं झोपा, हे आमच्या गावानंही ऐकलं होतं. उशा कमी पडल्या तर छातीखाली गोधड्या घातल्या. पण तेव्हा माणूस आपल्या हातानं कुशीवर वळायचा. नळी घातलेलं, बेशुद्ध माणूस तसं दिसलं की अक्कल चालत नाही.

माझं म्हणणं एवढंच. त्या रात्री माझ्या तीन कागदांवर सह्या घेतल्या, तिन्ही इंग्रजीत. सोबत एक मराठी कागद द्या, चित्रासकट: पेशंटला पालथं ठेवू, इतके तास, तोंड सुजेल, घाबरू नका. आणि वाचता न येणाऱ्याला तोंडानं सांगा.

दादा १९ दिवसांनी घरी आला. धुरा चढताना अजून थांबतो. त्या सिस्टरसाठी संत्री घेऊन गेलो होतो, पण तिची ड्युटी बदलली होती.

– एक कापूस उत्पादक, आर्णी तालुका, जि. यवतमाळ