रविवारी सणाच्या सजावटीच्या वस्तू बनवायला बसायचंय, नक्की वाचा

मंडळी, येत्या रविवारी सकाळी १० ते १ आपल्या नेहमीच्या हॉलमध्ये सगळ्यांनी मिळून सजावटीच्या आणि गिफ्ट द्यायच्या वस्तू बनवायच्यात. लहान-मोठे सगळे या, हात चांगला असायलाच हवा असं काही नाही.

दोन गोष्टी करणार आहोत.

एक, मिठाच्या पिठाचे लटकन. २ वाट्या मैदा, १ वाटी बारीक मीठ, साधारण १ वाटी पाणी, पण पाणी एकदम ओतू नका, थोडं थोडं घालत मळा नाहीतर गोळा चिकट होतो आणि मग लाटताच येत नाही. अर्धा सेंटीमीटर जाड लाटून आकार कापायचे आणि दोरीसाठी भोक ओलं असतानाच स्ट्रॉने पाडायचं, वाळल्यावर पाडायला गेलं की हमखास तडा जातो. घरी नेऊन २-३ दिवस वाळवा, रोज उलटा, पूर्ण वाळल्यावरच रंगवा. मला तर रंग न देता नुसत्या बोटांच्या ठशाचे जास्त आवडतात, आजी-आजोबांना द्यायला तर फारच गोड.

दुसरं, काचेच्या बरणीचा कंदील. बाहेरून पातळ रंगीत कागद चिकटवायचा. आत एलईडी दिवाच ठेवायचा, मेणबत्ती अजिबात नाही.

येताना एक रिकामी बरणी (लेबल काढून, धुऊन), लाटणं, जुनं वर्तमानपत्र आणा. गोंद, कागद, मैदा, मीठ आपल्याकडे आहे.

घरी कुत्रा असेल तर हे लटकन उंचावर टांगा, इतकं मीठ पोटात गेलं तर त्याच्या जिवावर बेतू शकतं.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत इथेच किती जण ते कळवा, म्हणजे सामान कमी पडणार नाही.