पाचव्या नवकात भात गोठत नाही

19 जानेवारी

प्रिय आई-बाबा,
प्रेमाचा सलाम.

काल फोनवर बाबा एका वाक्यात तीनदा थांबले. मी काही विचारायच्या आत, आई, तू मागून म्हणालीस, "आत्ताच जिना चढून आलेत गं." फोन ठेवल्यावर लक्षात आलं, तुमचं घर तळमजल्यावर आहे.

आणि नाताळातला तो फोटो. तिथल्या चर्चच्या मंडळीतल्या मुलीने कौतुकाने पाठवला होता. सगळे हसतायत आणि बाबांचा डावा हात कोटाच्या आत. तिला विचारलं तेव्हा कळलं की दाराबाहेरच्या बर्फावर घसरून मनगट मोडलंय, प्लास्टर आहे आणि त्याला बारा दिवस झालेत. त्या बारा दिवसांत आपण चार वेळा बोललो होतो. चारही वेळा तुम्ही दोघं म्हणालात, "आम्ही मजेत आहोत, तू काळजी करू नकोस."

मी भांडायला लिहीत नाही. भांडण ऑगस्टमध्ये झालं, पोटभर झालं. सत्तरीला टेकलेल्या दोन माणसांनी उठून मंगोलियातल्या उलानबातरला जायचं, जगातल्या सगळ्यात थंड राजधानीत, तेही चर्चच्या दीड वर्षाच्या सेवेला, हे मला झेपलं नव्हतं. बाबा, तुम्ही एवढंच म्हणालात, "बोलावणं आलंय, बेटा." मी म्हणाले, बोलावणं आलं म्हणजे जायलाच पाहिजे असं नाही. ते वाक्य मी आज मागे घेते. गेल्या चार महिन्यांत तुमच्या पत्रांतून जे वाचलं त्यानंतर ते माझ्या तोंडी शोभत नाही.

आई, तुझी त्या तंबूवस्तीतली हकिकत मी किती वेळा वाचली असेन! तू ती जाता जाता दोन ओळींत लिहिलीस, जणू दूध उतू गेल्याची गोष्ट. शहराच्या उत्तरेला टेकड्यांवर गोल गेरांची, म्हणजे लोकरी तंबूंची वस्ती, प्रत्येक गेरात मधोमध लोखंडी चूल, आणि 2019 च्या मेपासून शहरात कच्चा कोळसा जाळायला बंदी असल्याने चुलीत दाबून केलेल्या कोळशाच्या विटा. तू आत गेलीस, त्या बाईने मीठ घातलेला दुधाचा चहा पुढे केला, आणि तू वाटी हातात घेता घेता विचारलंस, डोकं दुखतंय का? ती म्हणाली, सकाळपासून. बाळ नको इतकं झोपलेलं. तू वाटी खाली ठेवलीस, दार सताड उघडलंस आणि उणे 30 अंशांत सगळ्यांना गोधड्यांसकट बाहेर काढलंस. धुराड्याचा जोड सुटला होता. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, हे चौतीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला सांगावं लागत नाही. पण तिथे त्या वेळी तू होतीस, दुसरं कोणी नव्हतं. मी ऑगस्टमध्ये जिंकले असते तर तूही नसतीस. हा विचार आला की मला रात्री झोप लागत नाही.

बाबांचं मंगळवारचं पत्रही तसंच. एकोणसत्तराव्या वर्षी तिथली सिरिलिक अक्षरं गिरवायला बसलात, दुकानाची पाटी पहिल्यांदा वाचता आली म्हणून रस्त्यात थांबून आईला मोठ्याने वाचून दाखवलीत. इंग्रजीच्या वर्गात फक्त इंग्रजी शिकवता, प्रार्थनेचं कोणी आपणहून विचारलं तरच बोलता, हे मला फार आवडलं. आणि ती वर्गातली आजी तुम्हाला गंदन या बौद्ध मठात घेऊन गेली तो दिवस! आत 26 मीटर उंचीची अवलोकितेश्वराची मूर्ती. पूर्वीची मूर्ती 1938 च्या सुमारास उतरवून नेली, त्या काळात कम्युनिस्ट राजवटीने मठ पाडले, लामांना मारलं. 1990 मध्ये लोकशाही आली, मग लोकांनी वर्गणी काढून 1996 मध्ये नवी उभी केली. आजी सगळं सांगत होती आणि तुम्ही टोपी काढून हात जोडून ऐकत होतात. तुम्ही लिहिलंत, "ज्यांनी श्रद्धेसाठी एवढं सोसलं त्यांच्या देशात आपण पाहुणे आहोत, हे रोज आठवलं पाहिजे." तुमचा मला इतका अभिमान याआधी कधी वाटला नव्हता.

मग भीती कशाची? थंडीची नाही. थंडीला कपडे आहेत, घरात वीजकेंद्रातून येणारं गरम पाणी सप्टेंबरच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत नळ्यांतून फिरतं. उलट घर इतकं तापतं की आईला खिडकीची छोटी झडप उघडावी लागते, कारण नळ्यांना कमीजास्त करायची सोय नाही. मला त्या झडपेची भीती वाटते. चार डोंगरांच्या मधल्या खोलगट भागात वसलेलं शहर, हिवाळ्यात वारा पडलेला, जड थंड हवा तळाशी आणि वर उबदार हवेचं झाकण. संध्याकाळी सगळ्या चुली एकदम पेटतात तेव्हा तो धूर जाणार कुठे? तुमच्या झडपेतून आत. उघडली तर धूर, बंद ठेवली तर भट्टी. आणि बाबांची छाती कशी आहे ते मला शाळेतल्या खडूच्या दिवसांपासून माहीत आहे.

आई, तू दुसऱ्यांच्या घरातले चुलीचे जोड तपासतेस, मग स्वतःच्या घरात धुराकडे काणाडोळा का? संध्याकाळी सहा ते रात्री दहा झडप बंद. उकडलं तर दुपारी उघडायची. बाहेर जाताना नाकाला मफलर गुंडाळून भागत नाही, एन-95 मास्क हवा. बाबा, चष्म्यावर वाफ धरते म्हणून तुम्ही मास्क हनुवटीवर ओढता, फोटोत दिसतं! बुटांना खिळ्यांच्या पट्ट्या लावा. पाऊल लांब टाकू नका, तळवा पूर्ण टेकवत छोटी छोटी पावलं. आणि बोटातला तो ऑक्सिजन मोजायचा चिमटा, आई, रोज संध्याकाळी बाबांना लाव. जो आकडा येईल तो मला पाठव. गोल करून नाही, आला तसा.

मला तुमच्याकडून एवढंच हवंय. परत या म्हणणार नाही. दीड वर्ष पूर्ण करा, मी इथून रोज प्रार्थना करीन. पण मला काळजीतून वगळू नका. ताप आला तर ताप आला म्हणा, घसरलात तर घसरलो म्हणा. तुम्ही लपवता तेव्हा मी तुमच्या प्रत्येक "मजेत" शब्दामागे काहीतरी शोधत बसते, आणि जे नाही तेही मला दिसायला लागतं. लहानपणी माझा गुडघा फुटला की आई आधी विचारायची, "कुठे लागलं ते दाखव." आता मी विचारतेय.

त्सागान सार, तिथलं नवं वर्ष, येतोय. शेजारची बाई तुला बूझ, म्हणजे मांस भरलेले उकडीचे मोदक, वळायला बोलावणार, शेकड्यांनी वळून बाल्कनीत गोठवून ठेवतात असं तूच लिहिलंस. जा नक्की. बाबांना एका हाताने वळता येणार नाहीत, त्यांना मोजायला बसव.

तुम्ही मागच्या पत्रात लिहिलेली ती नऊ नवकं मी कॅलेंडरवर मांडली आहेत. 22 डिसेंबरपासून नऊ-नऊ दिवसांची नऊ घरं, एक्याऐंशी दिवसांचा हिवाळा. पहिल्यात दुधाची दारू गोठते, तिसऱ्यात तीन वर्षांच्या बैलाचं शिंग गोठतं, चौथ्यात चार वर्षांच्याचं. सहाव्यात रस्ते काळे दिसू लागतात, नवव्यात ऊब. रोज सकाळी एक दिवस खोडते. आता चौथं चालू आहे, कडक थंडीचं. 27 तारखेला पाचवं लागेल, आणि म्हणतात की पाचव्यात शिजवलेला भात बाहेर ठेवला तरी गोठत नाही.

आई, 27 ला रात्री वाटीभर भात खिडकीबाहेर ठेव. सकाळी बघ आणि मला कळव. गोठला असेल तर गोठला म्हणून कळव.

तुमची,
धाकटी