कराटे क्लासला लेकरं घालताना सर बघा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की परभणीत गल्लोगल्ली कराटेचे बॅनर लागतात अन् आपण पालक लोक फी किती, ब्लॅक बेल्ट कधी एवढंच विचारतो, शिकवणारं कोण आहे ते कुणी बघतच नाही.

आमच्या लेकराच्या क्लासला एक सर अन् एक मॅडम आहेत. सर खाली उकिडवं बसून एकेका पोराची टाच हातानं सरळ करतात, मगच पंच मारू देतात, एकच काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम, महिना महिना घोटून घेतात, पोरं कंटाळली तरी. मॅडम मुलींना सांगतात की कुणी मनगट धरलं तर उगं ओढत बसू नका, त्याच्या अंगठ्याच्या बाजूनं हात फिरवून काढा, पकड तिथंच कच्ची असते. हे खरं कामाचं!

याच्या आधीच्या क्लासला दर तीन महिन्याला बेल्टची परीक्षा, त्याची फी वेगळी, नापास कुणीच नाही अन् आठ वर्षाच्या पोराला ब्लॅक बेल्ट. अहो, बेल्टची पद्धतच मुळात ज्युदोतून आलेली, ऊठसूट वाटायची गोष्ट आहे का ती? वरून ऑलिम्पिकची स्वप्नं दाखवतात. कराटे ऑलिम्पिकला एकदाच होतं, टोकियोत २०२१ ला, पॅरिसला नव्हतं अन् २०२८ ला पण नाही.

कोणत्या सरांकडं कसलं सर्टिफिकेट आहे, प्रथमोपचार येतो का, याची यादी जिल्हा क्रीडा कार्यालयानं लावावी, सुट्ट्या लागायच्या आत.

एक पालक, परभणी